व्यासपीठ कोणाचं?

योम किप्पूर हा यहुदी वर्षातला सर्वांत कडक उपवास. सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही आणि दिवसाचा बराचसा वेळ सिनेगॉगमध्ये प्रार्थनेत काढायचा. त्या दिवशी सकाळी, पोटात कावळे ओरडत असताना, जमलेल्या मंडळींना जो उतारा ऐकवला जातो तो उपवास करणाऱ्यांचीच खरडपट्टी काढणारा आहे. यशया संदेष्ट्याचा ग्रंथ, अध्याय 58. आशय असा, की तुम्ही उपास धरता आणि त्याच दिवशी आपल्या मजुरांना पिळून काढता. मान झुकवून गोणपाटावर बसलात म्हणजे देव प्रसन्न झाला असं समजू नका. जखडलेल्यांना मोकळं करा, उपाशी माणसाला आपल्यातली भाकरी द्या, बेघराला घरात घ्या, आणि मग मला हाका मारा. हा उतारा नेमका याच दिवशी वाचायचा, ही योजना कुणा आधुनिक सुधारकाची नाही. ती तालमूद या प्राचीन धर्मग्रंथात नोंदलेली आहे, म्हणजे किमान दीड हजार वर्षांची जुनी आहे.

सर्वांत मोठ्या व्रताच्या दिवशी त्या व्रतावरची सर्वांत कठोर टीका स्वतःच्याच तोंडाने वाचायची, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण त्या अप्रुपात थोडा भोळेपणाही आहे. दरवर्षी ऐकलेला उतारा कानाच्या सवयीचा होतो. यशयाने ज्यांना फटकारलं ते केव्हाच मातीला मिळाले. त्यांच्यावरचे कोरडे ऐकताना कुणाच्या अंगावर वळ उठत नाही. पंचाईत होते ती वाचन संपल्यावर कुणीतरी उभं राहून ‘मजूर म्हणजे कोणते, तर आपल्या अमक्या सभासदाच्या कारखान्यातले’ असं म्हणतो तेव्हा. हे म्हणायचं कुणी, आणि म्हटल्यावर त्याची नोकरी टिकते का, यावर गेली दोनशे वर्षं पुरोगामी यहुदी धर्मविचार झुंजतो आहे. सामाजिक न्याय हा धर्माचा गाभा आहे, हे तत्त्व म्हणून मान्य व्हायला फार वेळ लागला नाही. ते कुणाच्या व्यासपीठावरून बोलायचं, यावर मात्र पुन्हा पुन्हा भांडणं झाली.

पहिलं भांडण बायबलमध्येच आहे. आमोस हा दक्षिणेतल्या यहूदा राज्यातला मेंढपाळ. तो उत्तरेच्या इस्राएल राज्यात गेला आणि गरिबाला पायताणाच्या जोडीच्या किमतीला विकणाऱ्या धनवंतांवर बरसला. बेथेलच्या मंदिरातला याजक अमस्या याने त्याला बजावलं, की चालता हो, आपल्या गावी जाऊन संदेश सांगत पोट भर, पण इथे पुन्हा तोंड उघडू नकोस, हे राजाचं पवित्रस्थान आहे. आमोस खोटं बोलतो आहे, असं अमस्या म्हणत नाही. जागा कोणाची आहे, तेवढंच सांगतो.

रब्बी हा याजकही नव्हे आणि संदेष्टाही नव्हे. इसवी सन 70मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडल्यावर याजकांचं काम संपलं आणि शास्त्र जाणणाऱ्या पंडिताचं महत्त्व वाढलं, तो हा रब्बी. धर्मशास्त्राचा निवाडा देणं, घटस्फोटाची कागदपत्रं तपासणं, कोंबडी खाण्याजोगी आहे की नाही ते सांगणं ही त्याची कामं. प्रवचन हे त्याचं मुख्य काम नव्हतंच. युरोपातल्या कित्येक गावांत रब्बी मोठं प्रवचन वर्षातून दोनदा करायचा, वल्हांडणाच्या आधीच्या शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनी, आणि योम किप्पूरच्या आधीच्या शब्बाथाला. बाकी उपदेश गावोगाव फिरणारे प्रवचनकार करत. रब्बीला नेमायचे ते गावातले प्रतिष्ठित लोक, तेही लेखी करार करून. म्हणजे आज आपण ज्याला रब्बी म्हणून ओळखतो, दर आठवड्याला व्यासपीठावरून समाजाला चार खडे बोल सुनावणारा, तो तसा अलीकडचाच.

तो घडला जर्मनीत. इस्रायल याकोबसन या धनाढ्य व्यापाऱ्याने 1810मध्ये झेझेन गावी नव्या पद्धतीचं प्रार्थनामंदिर उघडलं. तिथे ऑर्गन होता आणि काही प्रार्थना जर्मन भाषेत होत्या. 1818मध्ये हॅम्बुर्गला तसंच मंदिर निघालं. दर आठवड्याचं लोकभाषेतलं प्रवचन हा या सुधारणेचा कणा होता. ते प्रशियाच्या राजालाही खुपलं आणि 1823मध्ये त्याने यहुद्यांच्या प्रार्थनेतल्या सगळ्या नव्या प्रथांवर बंदी घातली. त्यावर लिओपोल्ड त्सुन्झ या विद्वानाने 1832मध्ये जाडजूड ग्रंथ लिहून दाखवून दिलं, की सिनेगॉगमधलं प्रवचन ही नवी टूम नसून फार जुनी रीत आहे. सुधारणा करायची आणि ती जुनीच आहे असं सिद्ध करायचं, ही युक्ती आपल्याकडच्या सुधारकांनाही अनोळखी नव्हती.

पुढे अब्राहम गायगर यांनी या प्रवचनाला आशय दिला. ब्रेस्लाऊचे रब्बी असलेल्या गायगरांच्या मते यहुदी धर्माचं टिकाऊ सत्त्व कर्मकांडात नव्हतं, संदेष्ट्यांच्या नैतिक शिकवणीत होतं. एक देव आणि सगळ्या माणसांना एक न्याय. हा विचार मोठा होता यात शंका नाही. पण तो मांडणाऱ्यांना त्या वेळी स्वतःचे नागरी हक्क मिळवायचे होते. आमचा धर्म तुमच्या नीतीपेक्षा तसूभरही कमी नाही, हे शेजाऱ्यांना पटवायचं होतं. त्यामुळे आमोस आणि यशया जर्मन व्यासपीठांवर फार सभ्य झाले. त्यांचं नाव घेतलं जाई ते यहुद्यांची योग्यता सिद्ध करायला. समोर बसलेल्या सभासदाकडे बोट दाखवायला ते क्वचितच वापरले गेले.

ते बोट अमेरिकेत उगारलं गेलं.

4 जानेवारी 1861 हा यादवी युद्धाच्या तोंडावर राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेला राष्ट्रीय उपवासाचा दिवस. न्यूयॉर्कचे रब्बी मॉरिस राफाल यांनी त्या दिवशी प्रवचनात सांगितलं, की बायबल गुलामगिरीला पाप म्हणत नाही. खुद्द अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याकडे दास होते, मग गुलामगिरीला पाप म्हणणारे हे कोण? राफाल यांच्यावर अन्याय नको म्हणून एवढं नोंदवायला हवं, की बायबलमधला दास माणूस मानला जाई आणि दक्षिणेतला गुलाम वस्तू मानला जातो, हा फरकही त्यांनी त्याच प्रवचनात सांगितला होता. पण लोकांनी उचलायचं तेच उचललं. गुलामांच्या मालकांना शास्त्राधार मिळाला आणि तो छापून सर्वत्र वाटला गेला.

त्याला उत्तर दिलं डेव्हिड आइनहॉर्न यांनी. बव्हेरियात जन्मलेले हे रब्बी 1855पासून बाल्टिमोरच्या हर सिनाई या मंदिरात होते आणि ‘सिनाई’ नावाचं जर्मन मासिक चालवत. बाल्टिमोर हे गुलामगिरी कायदेशीर असलेल्या मेरीलँड राज्यातलं शहर. आइनहॉर्न यांनी लिहिलं, की शास्त्राच्या अक्षराआड लपून शास्त्राच्या आत्म्याचा खून करू नका. मिसरच्या गुलामीतून सुटल्याबद्दल रोज देवाचे आभार मानणाऱ्याने गुलामगिरीची वकिली करावी हे लाजिरवाणं आहे. एप्रिलमध्ये शहरात दंगल उसळली, गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्यांच्या जिवावर बेतलं आणि आइनहॉर्न कुटुंबासह फिलाडेल्फियाला निघून गेले. दंगल निवल्यावर त्यांच्या मंडळींनी त्यांना परत बोलावलं, पण एका अटीवर. व्यासपीठावरून भडक विषयांवर बोलायचं नाही. ते परतले नाहीत.

त्या मंडळींना खलनायक ठरवणं सोपं आहे. ते दुकानदार होते. त्यांची गिऱ्हाइकं गुलाम बाळगणारी होती आणि बायकापोरं त्याच गल्लीत राहत होती. रब्बी फिलाडेल्फियाला जाऊ शकले. त्यांची दुकानं बाल्टिमोरमध्येच राहिली. रब्बीच्या शब्दांची किंमत फार वेळा रब्बीपेक्षा त्याच्या मंडळींना मोजावी लागते. त्यांना शूर म्हणता येणार नाही. पण त्यांना काही सांगण्याचा हक्क मिळवायचा असेल, तर आधी त्यांची भीती समजून घ्यावी लागते. पुढची शंभर वर्षं या विचाराला हाच धडा शिकायचा होता.

आइनहॉर्न यांचे दोन जावईही रब्बी होते. 1885मध्ये सुधारकी रब्बी पिट्सबर्ग इथे जमले ते काउफमान कोहलर या जावयाच्या पुढाकाराने. तिथे संमत झालेल्या जाहीरनाम्यात आहाराचे नियम कालबाह्य ठरवले गेले, पॅलेस्टाइनला परतण्याची आस सोडली गेली, आणि शेवटचं, आठवं कलम आलं ते एमिल हिर्श या दुसऱ्या जावयाच्या आग्रहाने: समाजरचनेतल्या विषमतेतून उभे राहणारे प्रश्न न्यायाच्या पायावर सोडवणं हे आपलं कर्तव्य आहे. मला यात एक मौज वाटते. आहाराचे नियम सोडायला सभासद एका पायावर तयार होते. आठवं कलम कागदावर मान्य करायलाही कुणाचा विरोध नव्हता, कारण त्यात कुणाचं नाव नव्हतं.

नाव घ्यायची वेळ न्यूयॉर्कमध्ये आली. स्टीफन वाईज हे बुडापेस्टला जन्मलेले, अमेरिकेत वाढलेले, ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला रब्बी असलेले तरुण वक्ते. 1905च्या अखेरीस त्यांना एमानु-एल या न्यूयॉर्कमधल्या सर्वांत श्रीमंत मंदिरातून विचारणा झाली. वाईज यांनी पहिली अट घातली ती बोलण्याच्या मोकळिकीची. विश्वस्तांच्या वतीने लुई मार्शल या नामांकित वकिलांनी स्पष्ट केलं, की व्यासपीठ विश्वस्त मंडळाच्या नियंत्रणाखाली असतं. वाईज यांनी उघड पत्र लिहून ते पद नाकारलं आणि 1907मध्ये ‘फ्री सिनेगॉग’ काढलं. नावातलं ‘फ्री’ दुहेरी होतं. रब्बीचं तोंड मोकळं, आणि बाकंही मोकळी. त्या काळी मोठ्या मंदिरांतली बाकं विकली किंवा भाड्याने दिली जात. पुढची रांग पैसेवाल्यांची. वाईज यांनी ती पद्धतच काढून टाकली.

चार वर्षांतच ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याची आग लागली. 25 मार्च 1911, दुपारी. वार शनिवार, म्हणजे शब्बाथ. दहा मजली इमारतीचे वरचे तीन मजले कारखान्याचे. नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद होता, आगीचा जिना कोसळला, अग्निशमन दलाच्या शिड्या तिथवर पोचत नव्हत्या. 146 कामगार मेले. बहुतेक मुली, यहुदी आणि इटालियन, नुकत्याच बोटीतून उतरलेल्या घरांतल्या. मालक मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस हेही यहुदीच, स्वतः स्थलांतरित म्हणून आलेले. उपवासाच्या दिवशी राबणारा यशयाचा मजूर आणि त्याला राबवणारा मालक इथे एकाच समाजात, एकाच पिढीत, एकाच इमारतीत होते. 2 एप्रिलला मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये शोकसभा झाली. वाईज तिथे बोलले, की ही देवाची करणी नव्हे, माणसाच्या हावेची करणी आहे, आणि अशा वेळी दानधर्माची नव्हे, कायद्याची आणि न्यायाची गरज आहे. त्याच सभेत रोझ श्नायडरमन ही कामगार पुढारी जे बोलली ते त्याहून झोंबणारं होतं. सद्भावनेच्या गोष्टी करायला मी इथे आले तर ती मेलेल्यांशी गद्दारी ठरेल, असं तिने भरजरी कपड्यांतल्या प्रेक्षकांना सुनावलं. डिसेंबरात दोन्ही मालक निर्दोष सुटले.

1919च्या पोलाद संपात वाईज यांनी पोलाद कंपनीच्या प्रमुखावर व्यासपीठावरून टीका केली तेव्हा नव्या इमारतीसाठी येऊ घातलेल्या देणग्या आटल्या. त्यांनी राजीनामा पुढे केला, मंडळाने तो घेतला नाही. इथवर ही गोष्ट सरळ आहे. पण याच वाईज यांच्याकडे 28 ऑगस्ट 1942 रोजी एक तार पोचली. युरोपातल्या यहुद्यांच्या सरसकट कत्तलीची नाझींची योजना आहे, ही जिनिव्हाहून गेर्हार्ट रीग्नर यांनी पाठवलेली खबर. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सांगितलं, की खात्री होईपर्यंत वाच्यता नको. वाईज थांबले. 24 नोव्हेंबरला त्यांनी वार्ताहरांना सांगितलं तोवर जवळपास तीन महिने गेले होते. विश्वस्तांपुढे न वाकलेला माणूस मित्र असलेल्या सरकारपुढे गप्प राहिला, असं त्यांचे टीकाकार म्हणतात. आततायीपणाने खबर फुसकी ठरली असती, असं समर्थक म्हणतात. मला दोन्ही बाजू पूर्ण पटत नाहीत. मात्र मोकळं व्यासपीठ मिळालं की सत्य आपोआप बोललं जातं, हा समज त्या तीन महिन्यांनी खोटा ठरवला, हे नक्की.

या सगळ्या काळात व्यासपीठाचा आणखी एक प्रश्न पडून होता. तिथे बाईने उभं राहायचं की नाही? त्याची सुरुवात रब्बीपदापासून नव्हे, लंडनमधल्या कष्टकरी मुलींच्या एका क्लबापासून झाली. लिली माँटेग्यू यांनी 1893मध्ये तो काढला. दिवसभर शिवणकाम करून येणाऱ्या मुलींना हिब्रूतली लांबलचक प्रार्थना कशी पोचणार, या विचारातून 1902मध्ये ‘ज्युइश रिलिजस युनियन’ उभी राहिली आणि 1918मध्ये माँटेग्यू यांनी सिनेगॉगमध्ये प्रवचन केलं. लंडनला वैद्यकीचं शिक्षण घेताना या मंडळींच्या सहवासात आलेल्या एका बेने इस्रायल डॉक्टरने हा विचार मुंबईला आणला. त्या डॉ. जेरुशा झिराड. पुढे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, 1966च्या पद्मश्री. त्यांनी 1925मध्ये मुंबईत ज्युइश रिलिजस युनियनची स्थापना केली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटल्या गेलेल्या कोकणातल्या या यहुदी समाजाला धर्म लोकभाषेतून सांगण्याचं वावडं मुळीच नव्हतं. बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं करण्याची प्रथा त्यांच्यात एकोणिसाव्या शतकातच पडली होती. तरी एका बाईने पंथ उभा करणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. रब्बीपद मिळालेली पहिली स्त्री रेजिना योनास. 1935मध्ये जर्मनीत तिला दीक्षा मिळाली, 1944मध्ये नाझींच्या आउश्वित्झ छावणीत तिला मारलं गेलं. अमेरिकेत सॅली प्रीसँड रब्बी झाली ती थेट 1972मध्ये.

झिराड यांच्या मुंबईतल्या मंडळींकडे 1957मध्ये एक तरुण रब्बी आले, ह्यूगो ग्रिन. कार्पेथियन डोंगराळ भागातल्या बेरेहोवोचे. 1944मध्ये कुटुंबासह आउश्वित्झला नेले गेले, धाकटा भाऊ तिथेच गेला. एका छावणीत हनुक्काच्या सणाला वडिलांनी शिध्यातलं मार्गारीन खाण्याऐवजी दिव्यासाठी वितळवलं. पोरगा चिडला. वडील म्हणाले, अन्नावाचून तीन आठवडे निघतात, आशेवाचून तीन मिनिटंही निघत नाहीत. ही हकिकत ग्रिन आयुष्यभर सांगत. मुंबईनंतर ते न्यूयॉर्कला आणि 1964मध्ये लंडनला गेले. 1996मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत, आश्रय मागायला येणाऱ्या निर्वासितांना ब्रिटन कसं वागवतं यावर ते बोलत होते. ज्यांचं आपण काही देणं लागत नाही त्यांच्याशी आपण कसे वागतो, यावरून समाजाची पारख होते, असं त्यांचं म्हणणं होतं.

पण या विचाराची सर्वांत अवघड परीक्षा झाली ती अमेरिकेच्या दक्षिणेत, काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्यात. अब्राहम जोशुआ हेशेल यांचं छायाचित्र पुष्कळांनी पाहिलेलं असेल. 21 मार्च 1965, सेल्मा, पहिली रांग, पांढरी दाढी, गळ्यात हवाईहून आलेल्या फुलांची माळ, त्याच रांगेत मार्टिन ल्यूथर किंग. हेशेल वॉर्साच्या, हसिदी या यहुदी भक्तिपंथातल्या घराण्यातले, बर्लिनमध्ये संदेष्ट्यांवर प्रबंध लिहिलेले. 1938मध्ये नाझींनी त्यांना पोलंडला हाकललं, पुढच्या वर्षी ते निसटले. आई आणि तीन बहिणी वाचल्या नाहीत. गायगर यांचे संदेष्टे नीतीचे शिक्षक होते. हेशेल यांचे संदेष्टे देवाच्या वेदनेने होरपळलेली माणसं होती: इतरांना जो अन्याय किरकोळ वाटतो तो त्यांना प्रलयासारखा वाटतो, कारण देवालाच तो तसा वाटतो. सेल्माहून परतल्यावर आपले पाय प्रार्थना करत होते असं वाटलं, हे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. मला हेशेल फार मोठे वाटतात. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध ते उभे राहिले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी नाकं मुरडली, तरी ते ढळले नाहीत. पण ते प्राध्यापक होते. त्यांच्याकडे विद्यापीठाचं आसन होतं, विश्वस्त मंडळ नव्हतं. सेल्माचा मोर्चा संपल्यावर त्यांना न्यूयॉर्कला परतायचं होतं.

अलाबामातल्या बर्मिंगहॅमचे रब्बी मिल्टन ग्राफमन यांना कुठेच परतायचं नव्हतं. त्या शहरातल्या एका सिनेगॉगच्या भिंतीला 1958मध्ये डायनामाइटच्या 54 कांड्या लावलेल्या सापडल्या. वात विझली म्हणून इमारत वाचली. एप्रिल 1963मध्ये ग्राफमन आणि सात ख्रिस्ती धर्मगुरूंनी निवेदन काढलं, की निदर्शनं थांबवा, संयम धरा, वाटाघाटी करा. त्याला उत्तर म्हणून किंग यांनी तुरुंगातून जे पत्र लिहिलं ते जगभर गाजलं, आणि ग्राफमन जगाच्या नजरेत कायमचे भित्र्यांच्या यादीत गेले. त्याआधी जानेवारीत त्यांनीच गव्हर्नर वॉलेस यांच्या आडमुठेपणाविरुद्ध सही केली होती, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मे महिन्यात उत्तरेतून 19 रब्बी पाठिंबा द्यायला विमानाने उतरले, तेव्हा स्थानिक यहुदी त्यांना विनवायला गेले, की कृपा करून परत जा, तुम्ही गेल्यावर बाँब आमच्या दारात फुटतील. किंग यांचं म्हणणं बरोबर होतं आणि या लोकांची भीती खरी होती. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या, म्हणूनच मला अटलांटाचे जेकब रॉथशिल्ड या साऱ्यांत महत्त्वाचे वाटतात.

रॉथशिल्ड 1946मध्ये अटलांटाला आले. ‘द टेंपल’ या नावानेच ओळखलं जाणारं ते सिनेगॉग घाबरलेलं होतं, आणि त्याला कारण होतं. त्यांच्यातलाच लिओ फ्रँक हा पेन्सिल कारखान्याचा व्यवस्थापक. एका मुलीच्या खुनाच्या आरोपावरून तकलादू पुराव्यांवर त्याला दोषी ठरवलं गेलं आणि 17 ऑगस्ट 1915 रोजी जमावाने त्याला तुरुंगातून ओढून नेऊन मरिएटा गावाजवळ झाडाला लटकवलं. तेव्हापासून अटलांटाच्या यहुद्यांनी डोळ्यांवर न येण्याचं व्रत घेतलं होतं. आधीचे रब्बी डेव्हिड मार्क्स यांनी तीसेक वर्षं ते पाळलं. रॉथशिल्ड यांनी पहिल्या दोन-तीन वर्षांतच काळ्यांवरच्या अन्यायाबद्दल बोलायला सुरुवात केली. सणांच्या मोठ्या प्रवचनांत, पुन्हा पुन्हा, थोडं थोडं. राजीनाम्याची धमकी नाही, उघड पत्र नाही. लग्नं लावली, प्रेतयात्रांना गेले, आजाऱ्यांच्या उशाशी बसले, आणि पुढच्या सणाला पुन्हा तोच विषय. 1957मध्ये अटलांटाच्या 80 धर्मोपदेशकांनी वंशभेदाविरुद्ध जाहीरनामा काढला. तो लिहायला त्यांनी मदत केली, पण मजकूर ख्रिस्ती भाषेतला असल्याने सही केली नाही. स्वतंत्र लेख लिहून पाठिंबा दिला.

12 ऑक्टोबर 1958च्या पहाटे टेंपलच्या बाजूच्या दारात सुमारे 50 कांड्यांचा स्फोट झाला. रविवार होता, काही तासांनी तिथे मुलांचे वर्ग भरणार होते. माणूस कुणी दगावलं नाही. संशयितांपैकी एकावर खटला चालला. पहिल्या ज्यूरीचं एकमत झालं नाही, दुसरीने त्याला सोडलं. ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’ या चित्रपटात या स्फोटाचा उल्लेख येतो. त्याचा लेखक आल्फ्रेड ऊरी अटलांटातल्या याच समाजातला. स्फोटानंतरच्या शुक्रवारी टेंपल खचाखच भरलं. रॉथशिल्ड यांनी प्रवचनाचं शीर्षक मीखा संदेष्ट्याच्या ग्रंथातून घेतलं होतं, त्यांना कुणी भयभीत करणार नाही, अशा अर्थाचं. दहाएक वर्षं जे लोक रब्बीने गप्प राहावं असं मनात म्हणत होते, त्यांना त्या दिवशी कळलं, की गप्प राहिल्यानेही बाँब चुकत नाही. आणि शहरातले महापौर, संपादक, पाद्री उघडपणे त्यांच्या बाजूने उभे राहिल्याचंही दिसलं. रॉथशिल्ड यांच्या पत्नी जॅनिस यांनी पुढे या स्फोटाला जखम भरून काढणारा बाँब म्हटलं.

किंग दांपत्य त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला आलं त्या संध्याकाळची हकिकत जॅनिस यांनीच लिहून ठेवली आहे. पाहुण्यांना उशीर झाला. गोऱ्यांच्या वस्तीत घर सापडेना, दारावर नंबर दिसेना, म्हणून एका घरी विचारावं लागलं. किंग म्हणाले, काळजी करू नका, मी कोरेटाला दाराशी पाठवलं, म्हणजे त्यांना वाटेल आम्ही मेजवानीत वाढायला आलो आहोत. शेजाऱ्यांत यजमानांची शोभा होऊ नये, याची काळजी पाहुण्याला.

किंग यांना नोबेल मिळालं तेव्हा त्यांच्याच शहरातले बडे गोरे उद्योगपती सत्काराला यायला तयार नव्हते. रॉथशिल्ड आणि आणखी काही जणांनी महिनाभर खटपट केली. 27 जानेवारी 1965च्या भोजनाला दीड हजारांच्या आसपास माणसं आली, काळी-गोरी एकाच टेबलांवर, आणि अध्यक्षस्थानी रॉथशिल्ड होते. टेंपलचे कित्येक सभासद तिथे होते. आइनहॉर्न यांना मंडळी सोडावी लागली, वाईज यांना नवी उभारावी लागली. रॉथशिल्ड यांनी आहे ती मंडळी, तिच्या भीतीसकट, वीस वर्षांत इथवर आणली. बोलके सुधारक आणि कर्ते सुधारक असा भेद आपण करतो. त्या भेदात बसत नाही असा हा तिसरा प्रकार आहे, आणि तो सर्वांत कमी गाजतो.

इथवरचे सगळे रब्बी अल्पसंख्य समाजाचे होते. 1948नंतर यहुद्यांच्या हाती राज्य आलं आणि आमोसचा मूळ प्रसंग पुन्हा उभा राहिला, कारण आमोस आपल्याच लोकांच्या राजाला बोलत होता. इस्रायलमध्ये 1988साली, पहिल्या इंतिफादाच्या, म्हणजे पॅलेस्टिनी उठावाच्या, काळात, ‘रब्बाय्ज फॉर ह्यूमन राइट्स’ ही संघटना निघाली. वेस्ट बँकमधले पॅलेस्टिनी शेतकरी ऑलिव्हची तोडणी करतात तेव्हा वसाहतवाल्यांच्या हल्ल्यांपासून संरक्षण म्हणून हे रब्बी बागांत जाऊन उभे राहतात. तिचं नेतृत्व अनेक वर्षं केलेले रब्बी आरिक आशेरमन यांच्यावर ऑक्टोबर 2015मध्ये तोंड झाकलेल्या माणसाने सुरा उगारला होता. देशबांधवांपैकी पुष्कळांना हा द्रोह वाटतो, आणि त्यांच्यात रॉकेटच्या भोंग्यांनी झोप उडालेली साधी माणसं आहेत. त्यांची भीतीही बाल्टिमोरच्या दुकानदारांइतकीच खरी आहे. फरक एवढाच, की आता त्या भीतीच्या हातात सैन्य आहे. हे रब्बी आमोसइतकेच एकटे आहेत. त्यांच्यातून कुणी रॉथशिल्ड निघतो का, म्हणजे भ्यालेल्या बहुसंख्य माणसांना बरोबर घेऊन कुणी चार पावलं चालतो का, याचं उत्तर मला तरी आज ‘नाही’ असंच दिसतं.

ऑक्टोबर 2023मधला हमासचा हल्ला आणि त्यानंतरचं गाझातलं युद्ध यांपासून अमेरिकेत हाच ताण पुष्कळ पुरोगामी सिनेगॉगमध्ये शिरला आहे. इस्रायलवर टीका केली म्हणून काही सभासद रब्बीवर चिडतात, टीका केली नाही म्हणून दुसरे, बहुधा त्यांचीच मुलं, चिडतात. रिफॉर्म, म्हणजे सुधारकी, पंथाच्या मार्गदर्शक नियमांत व्यासपीठाचं स्वातंत्र्य आज मान्य आहे. रब्बीची नेमणूक, पगार आणि कराराचं नूतनीकरण मात्र अजूनही मंडळी आणि विश्वस्त मंडळच ठरवतात.